बर्फाच्या फुलावर कुंकू

मंगळवार, १९ मे. संध्याकाळ.

आईच्या कपाळाला तीन टाके पडले. तिला पाथरीहून आणताना पेडगावजवळ शेळी आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला, पण गाडी सरकतच गेली. मागं बसलेली आई पुढच्या सीटवर आदळली.

परभणीच्या टायरवाल्यानं नुसता हात फिरवला. "साहेब, हे बर्फात चालवायचे टायर हायेत. रबर लय नरम. आपल्या उन्हात पकड धरत न्हाईत."

मी विचारलं होतं! फौजेतल्या दिरांनी मागच्या आठवड्यात काश्मीरहून गाडी पाठवली, तेव्हा पूजा मीच केली. टायरवर कुंकू लावताना बोटाला खाच लागली. रबरात कोरलेली खूण होती: डोंगर, आणि त्यात बर्फाचं फूल. म्हटलं, "अहो, हे टायर बर्फासाठीचे तर नाहीत?" हे सगळ्यांसमोर हसले. "तू चाकाखाली लिंबू ठेव. बाकीचं मी बघतो."

ठेवलं मी लिंबू. का ठेवलं? शाळेत चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करते, आणि तिथं...

आणि आज हे स्वतःच टायरवाल्याला म्हणाले, "आमच्या घरात कुणाला कळतंय हो एवढं?" मी शेजारीच उभी होते. त्या फुलाच्या खाचेत माझं कुंकू अजून तसंच होतं.

वाटलं, निदान आई तरी माझ्या बाजूनं बोलेल. घरी आल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. कपाळावरची पट्टी सावरत हळूच म्हणाली, "जावयाला काही बोलू नको बाई. पूजेतच तुझं कायतरी चुकलं आसंल."