धक्का रिकामा होता

वकिलानं टाईप करून आणलेल्या कागदावर माझ्या नावापुढं 'धंदा: घरकाम' असं लिहिलं होतं, म्हणून तो कागद मी त्याच्यासमोरच फाडला. घरकाम! सव्वीस वर्षं गोदीत काढली. त्यातली शेवटची अकरा वर्षं कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, कधी लागणार, त्याला किती क्रेन आणि मजुरांच्या किती टोळ्या द्यायच्या, हे मी ठरवते. मी हो म्हटल्याशिवाय दोनशे मीटरचं जहाज बाहेर नांगर उचलत नाही, आणि हा म्हणतो घरकाम. "बाई, रकाना मोकळा ठेवता येत नाही," म्हणाला. म्हटलं, रकाना तुझा, जन्म माझा. वर मला शिकवतो, की मृत्युपत्र मेल्यावरच उघडायचं असतं. मला तेवढा धीर नाही.

तर आता मी स्वतःच लिहिते. शाळा चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण माझं आहे.

वय एकावन्न. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं आज सकाळचा माझा फळा येऊन बघावा: आठ धक्के भरलेले, तीन जहाजं बाहेर नांगरावर, आणि कुणाचं नाक कुणाला लागलेलं नाही. पोटात गाठ आहे, ती सोमवारी काढणार आहेत. "घाबरू नका, नेहमीचं ऑपरेशन आहे," असं डॉक्टर तीनदा म्हणाला. एकदाच म्हणाला असता तर विश्वास बसला असता. म्हणून कुणाच्या दबावाखाली न येता, राजीखुशीनं नाही पण समजून-उमजून, माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची व्यवस्था लावते. याची एक प्रत माझ्या मुलीला द्यायची आहे, आणि ती मी जिवंत असताना. तिचं जहाज शुक्रवारी येतंय.

कलम एक. घर. दोन खोल्या, मागची पडवी आणि गच्ची. हे सगळं माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती आली तरी तिचं, न आली तरी तिचं. घराची लालूच दाखवून मला कुणाला बोलवायचं नाही. तिचा बाप जहाजांचे दोर बांधणारा होता. ताणलेला दोर तुटतो तेव्हा समोर कोण उभं आहे ते बघत नाही. ती चार वर्षांची होती. त्याच्या जागी गोदीनं मला झाडूवर घेतलं, सांडलेलं धान्य झाडायला. तिथून टोळीची मुकादम, तिथून फळा. हे घर त्या झाडूवर उभं आहे, तेव्हा त्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगू नये.

दुसऱ्या कुणी म्हणजे माझ्या धाकट्या भावानं. त्याचं कलम दोन. तो नऊ वर्षांपूर्वी 'चार दिवसांसाठी' पडवीत राहायला आला. परवा म्हणाला, "ताई, तुला काही होत नाही गं. पण कागद करून ठेवलेला बरा." त्याचा 'पण' त्याच्यापेक्षा उंच आहे. तरी पाठचा भाऊ आहे, टाकता येत नाही. पडवीत त्यानं जन्मभर राहावं. गच्चीवर कबुतरं वाढवू नयेत. आहेत तेवढी पुरेत.

कलम तीन. फळा आणि पत्र्याच्या पट्ट्या. मला जहाजांची इंग्रजी नावं भरभर वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक जहाजाच्या लांबीप्रमाणे मी पत्र्याची पट्टी कापली. धक्क्याच्या रेषेवर पट्टी ठेवली की मावतं की नाही ते दिसतं. संगणकावर बसणारे नवे साहेब, ज्यांना सगळे चष्मा म्हणतात, पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, ही भातुकली कधी आवरणार?" महिन्याभरानं तेच रोज सकाळी 'जरा बघून जातो' म्हणत येऊ लागले. तेव्हा भातुकली त्यांना. सोबत एक सांगणं: ओहोटीला तीन नंबरला पाण्यात खोल बसणारं जहाज लावू नये. तिथं गाळ आहे. नकाशात नाही, पण आहे. माझा थर्मासही त्यांनाच. खरं तर तो सात नंबरच्या क्रेनवाल्याला द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, आणि दुसरा खात्रीचा साक्षीदार कुठून आणू?

कलम चार. हे मालमत्तेचं नाही. वकिलानं लिहू दिलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी मुलीचं जहाज बाहेर येऊन उभं राहिलं. तेव्हा ती जहाजावर दुसरी ऑफिसर होती. चार नंबरचा धक्का रिकामा होता. मला माहीत होतं, धक्क्याला लागलं की अठरा तासांत माल उतरवून जहाज परत जाणार. त्यात तिची पाळी, तिचे कागद. आईच्या वाट्याला उभ्या उभ्या अर्धा कप चहा. बाहेर नांगरावर थांबलं तर मात्र पाळी संपल्यावर लाँचनं घरी येता येतं. मी मागून आलेलं, लाकूड भरलेलं जहाज आधी आत घेतलं आणि वहीत कारण लिहिलं, 'पाणी कमी'. पाणी भरपूर होतं.

तिचं जहाज दोन दिवस बाहेर राहिलं. ती दोन्ही संध्याकाळी घरी आली. पोटभर जेवली. गच्चीवर पाय पसरून बसली, मामाच्या कबुतरांना नावं ठेवली. एकदा घड्याळ बघून म्हणाली, "उशीर होतोय गं." मी म्हटलं, "जहाज काय तुला सोडून पळतंय?" त्या दोन संध्याकाळी मी अजून पुरवून पुरवून वापरते.

पुढच्या बंदरात तिची वरच्या जागेची परीक्षा होती. मला सांगितलं नव्हतं, पास झाल्यावर सांगणार होती. जहाज दोन दिवस उशिरा पोचलं. परीक्षा हुकली, तिचं वर्ष गेलं. पुढच्या फेरीला ती शिडी उतरून सरळ माझ्या कचेरीत आली. पाणी कमी होतं तर पाण्यात जास्त खोल बसणारं लाकडाचं जहाज आधी आत कसं गेलं, हे तिनं बरोबर ताडलं होतं. माझीच मुलगी.

"आई, चार नंबर रिकामा होता?"

"होता."

"मग?"

"वाटलं, दोन दिवस राहशील."

"मला 'ये' म्हणाली असतीस तर रजा काढून महिनाभर आले असते. तू जहाज अडवलंस."

टोळीवाले दारात उभे होते. मी काय म्हणाले? "आवाज खाली कर, ही कचेरी आहे." बस, तेवढंच म्हणाले.

वहीतली नोंद खोटी होती, हे इथं कबूल करते. साहेबांनी जी शिक्षा द्यायची ती द्यावी.

कलम पाच. वॉकी-टॉकी गोदीचा आहे, तो कुणाला देता येत नाही. पण त्याच्यावर मला तिचा आवाज येतो. त्या दिवसानंतर ती जहाजावर असताना अकरा फेऱ्या झाल्या, एकदाही खाली उतरली नाही. रजा कुठं घालवते, माहीत नाही. जहाज लागताना दुसरा ऑफिसर मागच्या टोकाला उभा राहतो. "मागचा दोर बांधला," एवढं तिचं वाक्य. त्यासाठी मी सुट्टी असली तरी जाते. मग गेल्या वर्षी एक दिवस तोच आवाज म्हणाला, "पुढचा दोर बांधला." पुढच्या टोकाला पहिला ऑफिसर असतो. माझी मुलगी पास झाली हे मला असं कळलं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. क्रेनवाल्यानं वरून तिला पुढच्या टोकाला पाहिलं असणार. तो नुसता म्हणाला, "साखर जास्त पडली आज."

वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं. खाडाखोड माझी आहे.

साक्षीदार: १. सात नंबर क्रेनचा चालक (मुलगी लहानपणी याच्याच केबिनमध्ये बसायची). २. कॅन्टीनवाली (सही येत नाही, अंगठा).

लिहून देणार: धक्के नेमणारी. धंदा: तोच.

ठिकाण: गोदी कचेरी, वरचा मजला. बुधवार, तारीख बारा.

मुलीसाठी, प्रत जहाज आत आणणाऱ्या पायलटच्या हातात: दवाखान्याच्या कागदावर 'जवळचं माणूस' म्हणून एक सही लागते. तुझा मामा पेन उघडून बसला होता, मी त्याला पेन खाली ठेवायला लावलं. तुझं जहाज चार नंबरला लागेल आणि शनिवारी दुपारी बाराच्या भरतीला वेळेवर सुटेल. त्यानंतर त्या जागेवर दुसरं जहाज मी आत्ताच फळ्यावर लावून ठेवलंय, म्हणजे मला मोह झाला तरी उपयोग नाही. तेव्हा विचारायचं होतं ते आता विचारते. ये. रजा काढून ये, सोमवारी माझ्यापाशी थांब. येणार की नाही? शनिवारी सकाळी दहाच्या आत सांग, आणि 'नाही' असेल तर तेही तुझ्याच तोंडून.