काचेचं दुसरं टोक

तीर्थरूप बाबांना नमस्कार. सोबतच्या फोटोत बोटावर पट्टी दिसेल, पण जखम किरकोळ आहे, आईला सांगा.

आमचे मोर्चे फळाला आले. आता बायकांनाही पुरुषांएवढाच पगार मिळणार. मालक म्हणत होते, बायकांचं काम हलकं. माझ्यासोबत काचा बसवणारे दादा म्हणाले, "मग या काचेचं हिच्या बाजूचं टोक धरा जरा." तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मालक कबूल झाले. दादांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमचेही. काच पेलायला तुम्हीच शिकवलंत.

पण एक विचारू? आपल्या काचेच्या दुकानात दुसरं टोक जन्मभर आईच धरत आलीये. तिच्या हातावर कधी पगार ठेवलात का?

पत्र तिला वाचून दाखवाल, तेव्हा एवढी ओळ गाळू नका.

तुमचीच,
धाकटी