काढण्यास संमती

प्रिय दत्तू,

काल कॉलेजात तोंडी परीक्षा होती. महाळुंगे पडवळची एक मुलगी समोर येऊन बसली. हुशार आहे. मी सोपाच प्रश्न विचारला. ती बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिली आणि मग ओशाळून हसली.

"सॉरी सर, माझा पार दत्तू झाला."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे सर, येत असतं सगळं, पण ऐन वेळी तोंडातून निघतच नाय."

"हा शब्द आला कुठून?"

"काय म्हाईत सर. आमच्याकडं पहिल्यापासून म्हणत्यात."

पहिल्यापासून! पाच वर्षंसुद्धा झाली नाहीत, दत्तू. मी तिला पूर्ण मार्क दिले आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं.

संध्याकाळी मेल उघडली. इंटरनेटवर ज्या कंपनीनं आपल्याला फुकट जागा दिली होती, ती महिनाअखेरीला सगळी जुनी पानं पुसून टाकणार आहे. त्यात आपला स्टँडकोशही जाईल. म्हणून आज लिहायला बसलो. तुझा एक अर्ज माझ्याकडे तीन वर्षं पडून आहे.

जुन्नरच्या शांतीशेठच्या किराणा दुकानाच्या माडीवर चार कॉम्प्युटर होते. आठवतं? खालून गुळाचा आणि तेलाचा वास यायचा. मशिनवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. पोरं एसटी स्टँडवर जे बोलतात ते सगळं लिहून ठेवायचं, ही कल्पना तुझी. मी मराठी घेतलं होतं, तू केमिस्ट्री. तरी कान तुझाच होता.

पहिला शब्द तू घातलास. कल्टी. "निरोप न घेता निघून जाणं. पण पळून जाणं वेगळं. कल्टी मारणारा परत येतो." मी ते वाचलं आणि खाली चहा सांगायला गेलो. मला हेवा वाटला होता. तुला ते कधी सांगितलं नाही.

मग घोडेगावची, मंचरची, नारायणगावची पोरं आपापल्या नेटकॅफेतून शब्द घालू लागली. कुणीतरी "भीमाशंकर" घातला: मोबाइलला रेंज नसणं. "कालपासून भीमाशंकरात हाय, फोन कुठून लागनार?" कुणीतरी "लेण्याद्री होणे" घातला: इतक्या पायऱ्या चढून, धापा टाकत वर पोचावं आणि काम आधीच उरकलेलं असावं. आपण किती हसलो होतो! शांतीशेठ जिन्यातून ओरडले होते, "काय राव, वर शिव्या लिहिता म्हणं तुमी! लोक इचारत्यात मला, तुमच्याकडं कसली साइट चालती."

नियम तू केलेस. प्रत्येक शब्दाखाली कानानं ऐकलेलं एक वाक्य हवं. मनानं रचलेलं चालणार नाही. वाक्य कोणत्या गावात ऐकलं ते लिहायचं. आणि शेवटचा नियम: शब्द काढायचा तर पानाखाली आपल्या दोघांची संमती हवी. एकट्याच्या रागानं शब्द जाता कामा नये.

हा शेवटचा नियम शैलामुळे झाला. आपल्या वर्गातली शैला. हॉस्टेलच्या मुलींना पोरं जो शब्द लावायची, तो कोशात होता. ती वही छातीशी धरून आपल्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "हे काढा. माझ्या भावानं वाचलं तर मला घरी नेतील." मी काढायला तयार होतो. तू नकारार्थी मान हलवलीस. शांतपणे म्हणालास, "आमी बोलत नाय गं तो शब्द. आमी फक्त लिहितो." ती वही तशीच छातीशी धरून गेली. त्या वेळी तू चुकलास, दत्तू. पण तुझं ऐकून तेव्हा मलाही तू बरोबर वाटलास, म्हणून आज हे लिहिताना माझ्याही वाट्याला निम्मी चूक येते.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी कोशाबद्दल बोलायला सांगितलं. पाहुणे पुण्याहून आले होते. बोलणार मी होतो. तीन पानी भाषण लिहिलं होतं, घरी आरशासमोर म्हटलंही होतं. आदल्या दिवशी मी तुला म्हणालो, घसा बसलाय, तू बोल.

घसा बसला नव्हता.

हे तुला कळलं होतं का? कळलं असेल तर कधी बोलला का नाहीस?

तू स्टेजवर गेलास. माइक धरलास. मी मंडपात मागं, खांबाला टेकून उभा होतो. तुझे ओठ हलले. एकदा, दोनदा. मग हललेच नाहीत. माइकमधून फक्त तुझा श्वास ऐकू येत होता. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बोल की रं दत्तू!" आणि मंडप हसला. तू माइक नीट स्टँडवर लावलास, पाहुण्यांना नमस्कार केलास आणि खाली उतरलास. तो नमस्कार मला अजून दिसतो.

आठवड्याभरात स्टँडवर पहिलं वाक्य ऐकलं. एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता, "वायव्हाला माझा दत्तू झाला राव." जसा पोपट होतो, तसा दत्तू.

मी ते कोशात घातलं. नियमाप्रमाणे ऐकलेलं वाक्य, गाव जुन्नर. वर अर्थ लिहिला: "दत्तू होणे: शब्द ओठांपर्यंत येऊनही ऐन वेळी बाहेर न पडणे. भीतीमुळे नव्हे, सांगण्यासारखं फार असल्यामुळे." मला वाटलं, मी तुझी बाजू घेतली. आणि खरं सांगू? मला ती व्याख्या फार आवडली होती. तुझ्या कल्टीच्या तोडीचं मी प्रथमच काही लिहिलं होतं.

तू ते वाचलंस तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तू म्हणालास, "भारी लिहिलंय." आणि खाली उतरून गेलास. मी ते शब्द तसेच घेतले. शब्दांचा कोश करणारा माणूस मी!

पोरांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं कुणी वाचलंही नाही. महिन्याभरात त्या पानावर चाळीसेक वाक्यं जमली. कबड्डीत दत्तू, पोरीसमोर दत्तू, पोलिसासमोर दत्तू. आपल्या कोशातलं सगळ्यात मोठं पान तेच झालं. पुढे माझ्या एम.ए.च्या प्रबंधात त्याची प्रिंट होती. सरांनी समासात "उत्तम" लिहिलं होतं.

मग तू चाकणकडच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलास. काय झालं ते तूच मला सांगितलंस, जुन्नरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी. तू चहा घेतला नाहीस. ग्लास हातात धरून उभा राहिलास.

"बाहेर बाकड्यावर समदी आपल्याच भागातली पोरं व्हती," तू म्हणालास. "शिपायानं नाव पुकारलं, दत्तात्रय. तर एक जण म्हणतो, आयला, खुद्द दत्तूच आलाय की! समदी हसली. मी पण हसलो. आत गेलो. सायबानं इचारलं, नाव काय तुमचं. एवढंच इचारलं, इल्या. आन् मला माझं नाव सांगता येईना."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पुढच्या वेळी होईल."

"दोन जागी झालं असं," तू म्हणालास. "ते पान काढ."

"नियम तुझाच आहे, दत्तू."

"हाय. नियमापरमाणंच मागतोय. माझी संमती मी पानाखाली लिव्हलीय. तुझी लिही. शैलाच्या पानावर बी लिव्हलीय माझी. तवा माझी चूक झाली."

मी तुला समजावलं. शब्द आता आपला राहिला नाही, म्हणालो. पान काढलं म्हणून लोक बोलायचे थांबणार आहेत का, म्हणालो.

तू ग्लास टपरीच्या फळीवर ठेवलास. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"लोकं नसू दे थांबत. तू तरी थांब."

गाडी लागली होती. तू चढलास. खिडकीतून पाहिलं नाहीस.

शैलाचं पान मी त्याच आठवड्यात काढलं. ते सोपं होतं, त्यात माझं काही नव्हतं. तुझ्या पानाशी आलो की मी काहीतरी दुसरं काम काढायचो. प्रबंध व्हायचा होता. मग नोकरीची मुलाखत होती, तिथं तीच प्रिंट दाखवली. माझी मुलाखत चांगली झाली.

तू नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचा टेम्पो चालवू लागलास. वाटेत दोनदा दिसलास. हात केलास. त्या कामात बोलावं लागत नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि बरं वाटलं. किती हलकट बरं वाटणं होतं ते!

खेडच्या घाटात टेम्पो उलटला तेव्हा भर दुपार होती. जवळच्या हॉटेलातला माणूस धावत आला. त्यानं तुला बाहेर काढलं, पाणी पाजलं. तो नंतर तुझ्या घरी आला होता, ओसरीवर बसून सांगत होता, "डोळे उघडे व्हते. पाणी प्याला. आमी किती इचारलं, नाव काय भाऊ, गाव कुठलं, घरी कुणाला कळवू. व्हट हालवायचा नुसता. आमाला वाटलं, मुका हाय."

कागद टेम्पोत कुठंतरी अडकले होते. घरी कळायला संध्याकाळ झाली. आई-वडील पोचले तेव्हा तू गेला होतास.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार होता, अशानं वाचा जाते. मी डॉक्टरांवर विश्वास ठेवतो. ठेवायचा प्रयत्न करतो.

तुझा दहावा कुकडीच्या घाटावर झाला. पिंड मांडले. कावळे समोरच्या बाभळीवर होते, सात-आठ. एकही खाली उतरेना. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला, तुझ्या मनात काय अडकलं असेल ते ओळखून शब्द देऊ लागला. वडील म्हणाले, "टेम्पोचं मी बघतो, काळजी करू नको." चुलते म्हणाले, "म्हाताऱ्यांना अंतर द्यायचो न्हाई." बहिणीनं पोराला पुढे केलं. "ह्याला शिकवीन रं, दादा." कावळे जागचे हलले नाहीत.

ऊन चढलं. तुझी आई माझ्याकडे वळली. "इलास, तू त्याचा जिवाचा. तुला ठावं असंल. कशात अडकलाय रं माझा दत्तू?"

मला ठाऊक होतं.

तीनच शब्द म्हणायचे होते. "पान काढतो, दत्तू." कुणाला अर्थ कळला नसता, आणि कळायची गरजही नव्हती. मी पुढे झालो, हात जोडले. घाटावरची सगळी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच राहिले. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तो शब्द मी आता वापरत नाही.

मी मागं सरलो. गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. माणसं नदीत हातपाय धुऊन पांगली. तुझी आई बाभळीकडे पाहत तिथंच बसली होती. ती मला एवढंच म्हणाली, "आसू दे बाबा. त्याला कवा सांगता आलं व्हतं, का आता सांगंल?"

नाही, मावशी. त्यानं सांगितलं होतं. स्वच्छ, एका वाक्यात, स्टँडवर उभं राहून. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

काल रात्री पुष्कळ दिवसांनी ते पान उघडलं. सगळ्यात खाली, तुझ्या इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत तीन ओळी आहेत. काढण्यास संमती. एक, दत्तात्रय. दोन, आणि पुढे रिकामं.

महिनाअखेरीला कंपनी पुसणारच आहे, मग माझ्या सहीनं काय फरक पडतो? हा प्रश्न मी स्वतःला रात्रभर विचारला. गप्प बसलो तर सगळं आपोआप होईल. मी आयुष्यभर असाच गप्प बसलो आहे. पण कंपनीला तू माहीत नाहीस. तू अर्ज कंपनीकडे केला नव्हतास.

तेव्हा ऐक. बाकीचे शब्द मी वहीत उतरवून घेतो आहे, ऐकलेल्या वाक्यांसकट, गावांसकट. कल्टी पहिल्या पानावर, तुझ्या नावानं. तू परत आला नाहीस, तरी त्या व्याख्येतलं एक अक्षर बदलणार नाही. तुझं पान वहीत येणार नाही. ते मी आजच काढतो. प्रबंधातली प्रिंटही फाडतो. रविवारी तुझ्या घरी जाईन आणि तुझ्या आईला स्टँडवरचं सगळं सांगेन, घशाच्या खोट्यापासून.

पोरं म्हणत राहतील. त्यांना मी थांबवू शकत नाही. पण माझ्यासमोर कुणी म्हणालं, तर यापुढे मी पूर्ण मार्क देऊन पुढच्याला बोलावणार नाही. सांगेन, की दत्तू माझा मित्र होता, आणि त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती.

तुझ्या अर्जावर उशिरानं लिहितो आहे.

काढण्यास संमती
१. दत्तात्रय
२. विलास