दिवसाला अकरा सांधे

१९ सप्टेंबर १८८७, सोमवार

आलो एकदाचा! सिडनीहून इथवर बोटीने चार दिवस आतडी पिळून काढली, पण धक्क्यावर पाय ठेवला आणि जीव कसा सुपाएवढा झाला. ऑगस्टस पिंडर, पोर्ट लॅम्बी शहराच्या पाणीखात्याचा अधीक्षक! आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नकाशे काढले. आता माझ्या हाताखाली एक धरण, एक मोठा नळ आणि नऊ हजार तहानलेली डोकी आहेत. डोकी म्हणायचं ते आपलं मोजण्यापुरतं.

महापौर प्रोथेरो स्वतः घ्यायला आले होते. धंद्याने खाटीक. हातात हात दिला तो चरबीने बुळबुळीत. बाजारचौकात त्यांनी कारंजं बांधलंय, त्यावर ओतीव लोखंडाच्या चार मेंढ्या, तोंडं वर करून. नवा नळ सुरू झाला की मेंढ्यांच्या तोंडातून पाणी उडणार म्हणे. मी गंभीर चेहऱ्याने वाहवा केली. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि या बाबाचं तर पाणीच अजून यायचंय.

नेमणूक पाच आठवडे कच्ची आहे. २४ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सभेत पक्की करतील. या वासरांत मी लंगडी गाय असतो तरी केली असती.

राहायला धरणाच्या रस्त्यावर घर दिलंय. पुढे व्हरांडा, मागे पावसाच्या पाण्याची पत्र्याची टाकी. मटण मऊ होतं. झोप उत्तम लागेल.

२२ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळा नळ पायी पाहिला. धरणापासून ओढ्यापर्यंत आणि तिथून रस्त्याच्या कडेने शहरात. दोन फूट रुंदीचे, नऊ नऊ फुटांचे ओतीव पाइप. सांध्यात वितळलेलं शिसं ओतायचं आणि हातोड्याने ठोकून बसवायचं. ओढ्याखाली खडकामुळे बाहेरून हातोडा मारायला जागा नाही, म्हणून तिथे माणूस पाइपात सरपटत शिरतो आणि आतून ठोकतो.

तो माणूस म्हणजे जाबेझ ट्रेगिअर. कॉर्नवॉलच्या खाणीतला. अंगाने इतका काटकुळा की पाइपात तो शिरला का सावली शिरली ते कळू नये. म्हातारा मुलकाही, आमचा आयरिश चावीवाला, त्याचं कौतुक करताना थकत नाही. म्हणे साहेब, दिवसाला अकरा सांधे, दहा नाहीत की बारा नाहीत! सकाळी सातला सुरू, पाचला बंद, दुपारी तासभर भाकरीला. रविवारी राणी आली तरी हातोड्याला हात लावायचा नाही. सांधा पुरा झाला की पाइपावर तीन ठोके देतो.

घाण्याच्या बैलालाही एवढी शिस्त असते. त्याचं कौतुक कुणी करत नाही.

२६ सप्टेंबर, सोमवार

धरणाखालच्या कोठडीत मोठ्या चावीचं चाक आहे. पाहतो तर त्यावर एक घामट, तेलकट टोपी लटकवलेली. मुलकाहीला विचारलं, ही कोठडी आहे की खुंटी? तर म्हणाला, ट्रेगिअर आत आहे ना साहेब. आत शिरताना टोपी चाकावर अडकवायची, बाहेर आला की काढायची. टोपी असेस्तोवर चाकाला हात लावायचा नाही. जुन्या नळापासूनचा, वीस वर्षांचा रिवाज आहे.

एका शहराचा पाणीपुरवठा टोपीवर चालतो! मी ताबडतोब हुकूम काढला. नळात शिरणाऱ्याने सहीची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवावी, आणि चाकावर कपडालत्ता टांगू नये. मुलकाही म्हणाला, त्याला लिहिता येत नाही. मी म्हटलं, शिकेल. म्हातारा दाढी खाजवत म्हणाला, साहेब, तो शिकेल हो, पण टोपी आंधळ्यालाही हाताला लागते. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

५ ऑक्टोबर, बुधवार

महापौरांच्या मुलीचं शनिवारी लग्न आहे. वरात चौकात यायला आणि मेंढ्यांनी पाणी उडवायला एकच गाठ पडली पाहिजे, बारा वाजता. मुलकाही म्हणतो मंगळवारपर्यंत थांबा, ओढ्याखालचे थोडे सांधे राहिलेत. नऊ हजारांत एकही अक्कलवाला नाही. चार सांधे पाझरले तर काय शहर वाहून जाणार आहे?

महापौरांना शब्द दिला. खूश झाले. २४ तारखेची काळजी नको म्हणाले.

८ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो!

साडेअकराला कचेरीत टेबल पाहिलं. एकही चिठ्ठी नाही. म्हणजे नळ रिकामा. मुलकाहीला खालच्या चाव्या फिरवायला चौकात धाडलं होतं, म्हणून मीच कोठडीत गेलो. चाकावर पुन्हा तीच टोपी! मला खिजवायला, दुसरं काही नाही. अंगाचा तिळपापड झाला. उचलली आणि खिडकीतून झुडपांत भिरकावली. मग कोट काढून चाकाचे बहात्तर फेरे स्वतः फिरवले.

नळ थोडा वेळ वाजला. तीन ठोके, मग तीन, मग नुसतेच, घाईघाईने. नव्या नळात हवा कोंडते, तसंच.

बाराला मेंढ्या भडाभडा पाणी ओकल्या. नवरी भिजली. टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. चार पेले शँपेन झाली, अक्षर तिरकं येतंय.

१० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी कचेरीत ट्रेगिअरची बायको आली. लोवेना नाव, लोकांचे कपडे धुते. नवरा शनिवारपासून घरी नाही. दारातच उभी, हात सोड्याने फाटलेले. मी म्हटलं, डोंगरात सोनं सापडलंय, अर्धं शहर पळालंय, तुझाही गेला असेल. ती म्हणाली, गेला असता तर हातोडा ठेवून गेला असता साहेब, हातोडा खात्याचा आहे.

मुलकाहीने चिठ्ठी होती का विचारलं. नव्हती. खरंच नव्हती. टेबल त्यालाच दाखवलं.

ओढ्याजवळच्या घरांतून तक्रार आली, सकाळी सातपासून नळ ठोकल्यासारखा वाजतो. हवा आहे असं लेखी उत्तर दिलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

मुलकाही कचेरीत आला आणि त्याने ती टोपी माझ्या टेबलावर ठेवली. झुडपांत सापडली म्हणाला. मी म्हटलं, वाऱ्याने उडाली असेल. तो म्हणाला, शनिवारी वारा नव्हता साहेब, निशाणंसुद्धा लोंबत होती.

गेला. टोपी शेगडीत घातली. जळायला फार वेळ लागला.

या रोजनिशीला कुलूप आहे, म्हणून एकदाच लिहितो. तो आत होता. मला ठाऊक नव्हतं. मूर्खाने चिठ्ठी द्यायला हवी होती. आता नळ उपसला तर चौकशी, आणि चौकशी झाली तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. आणि मिळणार काय, तर एक प्रेत. प्रेताला घाई नसते.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज तक्रारी. रोज पुढच्या घरांतून. आधी ओढा, मग विटांच्या भट्ट्या, आज लोहाराची गल्ली. रात्री चिडीचूप. सकाळी सातला सुरू, पाचला बंद.

महापौर वाटेत भेटले. नव्या नळाच्या पाण्याचा चहा काय गोड लागतो म्हणाले. तीन तीन कप पितात सगळे. मी टाकीतलं पाणी पितो. टाकी निम्म्यावर आली आहे, पावसाचा पत्ता नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

आज एकही ठोका नाही! शहरभर विचारून आलो. गेली हवा! उगाच चोराच्या मनात चांदणं. मटण खाल्लं, व्हरांड्यात गाणं म्हटलं. हे लोक मला रडवणार? हे?

१७ ऑक्टोबर, सोमवार

सातला सुरू.

हवा रविवारी चॅपेलला जाते का?

रस्त्यावरच्या झाकणाला कान लावून बसलो. ठोकाठोक, मग तीन. पुन्हा ठोकाठोक, मग तीन. दुपारी तासभर शांत. दिवसभरात अकरा वेळा. दहा नाहीत की बारा नाहीत.

नकाशा काढला. शनिवारी तो होता तिथून माझ्या घरापर्यंत एकशे पस्तीस सांधे. आजवर सत्त्याहत्तर झाले. हा हिशेब मी करतोय, शिकलेला माणूस! हसू येतं. हसलो. आवाज बरा नव्हता.

१९ ऑक्टोबर, बुधवार

लोवेना पुन्हा आली. दिवसभर त्या ठोक्यांबरोबर रस्त्याने चालते म्हणे, झाकणाझाकणाशी थांबून दगडाने उत्तर देते. म्हणाली, हात त्याचाच आहे साहेब, डाव्या हाताचा ठोका जरा हलका पडतो, खाणीत बोट तुटलं तेव्हापासून. मग म्हणाली, एक दिवस पाणी बंद ठेवा. फक्त एक दिवस. माझा माणूस मला काढून द्या, पुरते त्याला आणि परत तुमच्या दारात येत नाही. रडली नाही. रडली असती तर हाकलता आली असती.

मी म्हटलं, एका धोबिणीसाठी नऊ हजार माणसं तहानलेली ठेवू? तुझा नवरा दुसरी करून बसला असेल.

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. डाग निघेल की नाही ते पाहावं तसं.

सोमवारी नेमणूक पक्की झाली की काढीन त्याला. गुपचूप. सोमवारनंतर.

२० ऑक्टोबर, गुरुवार

तक्रार: लोहाराच्या किटलीत शर्टाची गुंडी निघाली. पाठोपाठ पाववाल्याकडून: पिठात केस. मूठभर.

हवा असं उत्तर देता येईना. उत्तर दिलं नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मुलकाहीने चाव्यांचा जुडगा टेबलावर टाकला आणि नोकरी सोडली. चार दिवस फक्त बिअर पितोय असं तोंडावर सांगितलं. जाताना म्हणाला, खाई त्याला खवखवे, साहेब. बंद करा तो नळ. चाक तुमच्याच हाताने उघडलंय, तुमच्याच हाताने बंद होईल.

दारुडा. भिकारडा दारुडा.

एकशे एकवीस झाले.

२२ ऑक्टोबर, शनिवार

शेजारच्या घरापर्यंत. भांडी हलतात.

एकशे बत्तीस. पाच वाजले. थांबला.

तीन राहिले. उद्या रविवार.

टाकीचा तळ लागला.

२३ ऑक्टोबर, रविवार

सगळे चॅपेलला गेल्यावर वर गेलो. कोठडी उघडली. बंद करायचं, सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. चाक धरलं. सहा फेरे फिरवले. मग मनात आलं, उद्या सकाळी नळाला पाणी नाही, दहाला सभा, प्रोथेरो विचारणार का म्हणून. तो खाटीक! त्याच्यासमोर मी मान खाली घालू?

सहा फेरे उलटे फिरवले. परत आलो.

एक दिवसाचा तर प्रश्न. उद्या दहापर्यंत. मग काढीन. मग नक्की —

घसा सुकलाय. जिंजर बिअरची शेवटची बाटली संपली.

२४ ऑक्टोबर, सोमवार

साडेसहा. दाढी केली, कोरडीच. निघणार होतो. दार उघडलं तर पायरीवर लोवेना बसलेली. पाठमोरी. हातात दगड. तिला ओलांडून जायचं तर काहीतरी बोलावं लागेल. दार लावून घेतलं. एका धोबिणीला घाबरून! मी!

सात. सुरू.

पावणेआठ. तीन ठोके. ती बाहेरून दगडाने उत्तर देते. फरशी थरथरते.

घरात येणारं पाणी बाहेरच्या चावीने बंद केलं. मागच्या दाराने जाऊन केलं, नीट घट्ट. तसंच पळून जायला हवं होतं. सभा आहे. पळणारा माणूस पक्का होत नाही.

साडेआठ. पुन्हा तीन. एक राहिला.

मोठा नळ इथे संपतो माझ्यापुरता. पुढे स्वयंपाकघरात येते ती बारीक नळी. शास्त्र आहे हे. या खुळ्यांना शास्त्र कळत नाही, मला कळतं.

तोटीत बोळा कोंबला. वरून मेण.

दार उघडून तिला सांगू का? दोन शब्द. मीच उघडलं. मला माफ — नाही. दहा वाजू देत. दहानंतर सांगतो. देवाशपथ सांगतो —

नऊ वीस. तीन ठोके. भिंतीतून.

ती बाहेर बोलतेय. माझ्याशी नाही. ये म्हणतेय. हळू ये म्हणतेय, घाई नाही.

बोळा पडला.

चावी बंद आहे. मी स्वतः बंद केली. तरी तोटीतून थेंब. भांड्यात पडतो. काळपट. भांड्यात एक नख आहे. नखाखाली शिसं.

भीती कसली? नळी अर्ध्या इंचाची आहे. अर्ध्या इंचाच्या नळीतून माणूस येऊ शकत नाही. हे शाळेतलं पोरही सांगेल. सगळा एकदम नाही येऊ शकत. थोडा थोडा —