आलं का?

तीर्थरूप बाबा,

लांबूनच पाया पडतो. मी मजेत आहे, खोकलाही गेला.

दादाने पाठवलेला तुमच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ रविवारी खोलीतल्या टीव्हीवर लावला. फोनवर बघता आला असता, पण मला तुम्हाला मोठं बघायचं होतं. इथे वायफाय नाही, म्हणून टीव्हीला माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला. रेंज मात्र फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात येते, तीही फोन डोक्यावर धरला तरच. मग मी बाहेर हात वर करून उभा आणि सोबतचे तिघे आत पलंगावर.

मी ओरडलो, "आलं का?"

आतून उत्तर आलं, "आलं. आता हलू नकोस."

बाबा, एकदम आपली गच्ची आठवली. तुम्ही वर अँटेना फिरवत हेच विचारायचात. हात सुटला की चित्र जायचं, म्हणून आम्ही खालून ओरडायचो, "सोडू नका." आठवडाभर विजेचे खांब चढलेले तुम्ही, पिक्चर संपेपर्यंत तसेच उभे.

तुमचं भाषण दाराआडून ऐकलं. आमच्यातला वेल्डर म्हणाला, "छान बोलले, पण सगळा वेळ टेबल धरून होते." गुडघा पुन्हा दुखतोय का? आईला विचारलं की ती हवापाण्याचं बोलते.

अँटेना धरून आम्हाला दाखवलेला एक तरी पिक्चर तुम्ही पाहिलात का, हे आम्ही कधी विचारलंच नाही. एखाद्याचं नाव आठवलं तर कळवा. आलो की लावू. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि फक्त 'आलं' म्हणायचं.

तुमचा,
धाकटा