ट्रेलरवरचा दुसरा एसी

यूमा, ॲरिझोना
मंगळवार, ९ जून

प्रिय लिनेट,

काल दुपारी चार वाजता झोपायच्या खोलीत शहात्तर अंश फॅरनहाइट होते. बाहेर एकशे बारा. हा आकडा माझ्या भिंतीवरच्या तापमापकाचा नाही. डेल्फिनने स्वतःचा आणला होता. तो तिने उशीजवळ वीस मिनिटं ठेवला, आकडा वहीत उतरवला आणि म्हणाली, "जमलं, वेंडेल. आता हलवायची गरज नाही." डेल्फिन कोण, ते पुढे येईल.

तू बरी असशील. तिकडे मका वीतभर वर आला असेल आणि पाऊस वेळेवर झाला असेल, अशी आशा आहे. आमच्या ट्रेलर पार्कात चाकांवरच्या घरांसाठीच्या एकशे चाळीस जागांपैकी सध्या अकरा भरलेल्या आहेत. बाकीची मंडळी उन्हाळा टाळायला एप्रिलमध्येच उत्तरेला गेली. जाताना प्रत्येकजण फ्रीजरमधलं उरलंसुरलं मागे राहणाऱ्यांना देऊन जातो, त्यामुळे आमच्याकडे सात घरांचे मटार साठले आहेत. दर वर्षी आम्हीही कुणाला तरी मटार देऊन निघायचो. या वर्षी राहिलो.

तर एसीबद्दल. आमच्या ट्रेलरला छतावर एकच एसी होता, पुढच्या खोलीवर. मागे झोपायच्या खोलीत त्याची हवा पोचेपर्यंत फुंकरीएवढी उरते. त्या खोलीच्या छताला हातभर रुंदीची एक चौकोनी खिडकी आहे, दुसरा एसी बसवायचा तो तिथेच. सहा वर्षं मी म्हणत होतो बसवू, आणि तुझी आई नको म्हणत होती. पडल्या पडल्या तिला त्या चौकोनातून आकाश दिसायचं. "एवढंच आकाश माझ्या नावावर आहे, त्यावर तू डबा ठेवू नकोस," असं म्हणायची. मेमध्ये तिने आपणहून सांगितलं, "बसव आता."

शेजारच्या रोलंडने मदत केली. तो जहाजांवर वीजकाम करायचा. त्याची बायको बर्निस आणि तो चाळीस फुटी बसमध्ये राहतात. तो डबा दोन माणसांचं ओझं आहे, आणि आम्ही दोघे मिळून एकशे एकोणपन्नास वर्षांचे.

"गुडघे टिकतील ना तुझे?" रोलंडने शिडीवरून विचारलं.

"तू तुझ्या हृदयाचं बघ."

"त्याच्या दोन झडपा नव्या आहेत. तुझ्या अंगात नवीन असं काय आहे?"

खालून बर्निस म्हणाली, "पडायचंच असेल तर पलीकडे पडा. इकडे माझे टोमॅटो आहेत."

तुझी आई आतून हे सगळं ऐकत होती. ती हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

आता लिहायला हवं. डेल्फिन ही नर्स आहे. बरं करण्यासाठी येणारी नव्हे. ज्यांना शेवट घरीच व्हायला हवा असतो त्यांच्याकडे येणारी. तुझ्या आईची, आर्डिसची, फुफ्फुसं गेली आहेत, लिनेट. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. नाकाला नळी आहे, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र चोवीस तास चालू असतं. डेल्फिनची अट एकच होती: खोली ऐंशी अंशांच्या खाली राहिली पाहिजे, नाहीतर आर्डिसला शहरातल्या तिच्या संस्थेच्या इमारतीत हलवावं लागेल. तुझी आई म्हणाली, "मला नंबर लावलेल्या खोलीत मरायचं नाही." म्हणून तिने आपलं आकाश दिलं.

तू म्हणशील, हे मला जूनमध्ये कळवतोस? पण आधी शनिवारी काय झालं ते लिहितो. त्याच क्रमाने लिहिलं तरच मला पुढचं लिहिता येईल.

आमच्या ट्रेलरला तीस अँपिअरची वीज येते. रोलंडच्या बसला पन्नास. तीसवाल्यांच्या घरात एक सवय असते. मायक्रोवेव्ह लावायच्या आधी मोठ्याने म्हणायचं, "लावतेय," आणि दुसऱ्याने उठून एसी बंद करायचा, नाहीतर सगळंच बंद पडतं. सहा वर्षं आम्ही हे करत आलो. रोलंडने बजावलं होतं की दुसऱ्या एसीला निराळी तार घे, शेजारच्या रिकाम्या जागेवरच्या विजेच्या खांबावरून. मी म्हटलं, त्या जागेवाल्या ओल्सनला विचारावं लागेल, तो डकोटात आहे, सोमवारी फोन करू, तोवर जपून वापरू. रोलंड म्हणाला, "तीसवर दोन एसी? तू जन्मभर टपाल वाटलंस, तेवढंच करावंस." मी हसण्यावारी नेलं.

शनिवारी दुपारी मी छतावर एसीचं झाकण बसवत होतो. खाली आर्डिस थंड खोलीत होती आणि मी, खरं सांगतो, खुशीत होतो. बर्निस तिच्यासाठी सूप गरम करायला आली. तिच्या घरी पन्नासची वीज, तिला "लावतेय" म्हणायची सवय कुठून असणार? तिने बटण दाबलं आणि माझ्या हाताखालचा एसी थांबला. पुढचाही थांबला. मला कळलं की ब्रेकर पडला. मनात म्हटलंसुद्धा, बर्निसबाई, तुम्ही पन्नासवाल्या. आणि उरलेला एक स्क्रू मी सावकाश पिळून पूर्ण केला.

ऑक्सिजनचं यंत्र त्याच विजेवर होतं. मला ते आठवलं नाही. त्याचा भोंगा ऐकला तेव्हा आठवलं.

मी खाली येईपर्यंत बर्निसने ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर उघडून नळी जोडली होती. आर्डिसचे ओठ जांभळे पडले होते. तिला वाटलं की हेच ते. तिने माझी बाही धरली आणि एकेका श्वासाला एकेक शब्द असं बोलली, "लिनेटला सांग. उत्तर नाही दिलंस, तरी चालेल. मी रागावले नाही."

पाच मिनिटांत तिचा रंग परत आला. ती बर्निसला म्हणाली, "सूप झालं का?" बर्निस रडत होती, तिला वाटत होतं की चूक तिची. मी तिला म्हणालो की चूक माझी आहे. ती समजली, मी विजेबद्दल बोलतोय.

तू कशाचं उत्तर दिलं नाहीस, ते तुला माहीत असणं शक्य नाही.

चौदा मार्चला तुझ्या आईने तुला पत्र लिहिलं. औषधांनी तिचे हात थरथरतात, म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. खाली सही मात्र तिने केली, चार वेळा थांबून. मी पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि पार्काच्या फाटकापाशी पेटीकडे गेलो. झडप उघडली. थोडा वेळ तसाच उभा राहिलो, मग पाकीट घेऊन परत आलो. तिने विचारलं, "टाकलंस?" मी म्हणालो, "टाकलं."

तू मला ओळखतेस. आयोवातल्या त्या मातीच्या रस्त्यांवर मी एकतीस वर्षं टपाल वाटलं. बर्फात गाडी रुतली तेव्हा बिलंसुद्धा चालत नेऊन दिली. म्हणूनच तुझ्या आईच्या मनात एकदाही आलं नाही की पत्र पोचलं नसेल. पोस्टमनने टाकलेलं पत्र पोचणारच. राहिलं असेल तर तुझं उत्तरच राहिलं असेल. मार्चपासून रोज सकाळी ती विचारते, "आज काही?" मी पेटीपर्यंत जाऊन येतो आणि सांगतो, "नाही." तेवढं खरं असतं.

मी असं का केलं, ते मला माहीत आहे. घर विकलं त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "माझ्या बाबांचं घर विकून तू माझ्या आईला पत्र्याच्या डब्यात घालून घेऊन चाललास." ते मला लागलं, पण पत्र अडवलं ते त्यासाठी नाही. मला वाटलं, तू येशील, तिची ही अवस्था बघशील आणि तिला घरी घेऊन जाशील. आणि ती जाईल. मी या ट्रेलरात एकटा उरेन. तिचे जे काही महिने असतील ते सगळे मला हवे होते. ते मी घेतले, त्यातले तुझेसुद्धा.

पाकीट मी अवजारांच्या पेटीत तळाशी ठेवलं होतं. एसीचे बोल्ट आवळताना पाना काढला की ते दिसायचं. ते बोल्ट एका दमात आवळून चालत नाहीत, चारही कोपरे थोडे थोडे घ्यावे लागतात, त्यामुळे ते बऱ्याच वेळा दिसलं.

ते पत्र सोबत ठेवलं आहे. उघडलेलं नाही. त्यात काय आहे ते मी इथे लिहीत नाही, ते तुझं आहे. फोनच केला असता, पण तुझा जुना नंबर लागत नाही. पत्ता आर्डिसच्या वहीत होता.

रविवारी सकाळीच ओल्सनला फोन केला. माझं विचारून होण्याआधीच त्याने हो म्हटलं. दुसऱ्या एसीची तार आता त्याच्या खांबावरून येते आणि ऑक्सिजनची तिसरी निराळी. रोलंडने दोनदा तपासलं. दोन्ही एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावूनही काही पडलं नाही. तरी मायक्रोवेव्हपाशी गेलो की मी "लावतोय" म्हणतो, आणि मागच्या खोलीतून तुझी आई म्हणते, "लाव." पुढच्या खोलीतल्या सोफ्याचा पलंग होतो. त्या खोलीचा एसी आता तिथल्यापुरताच चालवायचा आहे, त्यामुळे तिथे तुलाही झोप लागेल.

डेल्फिन म्हणते दोन आठवडे, फार तर तीन. एरवी ती असे आकडे सांगत नाही.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत मी हे टपाल कार्यालयात स्वतः नेऊन देईन, पेटीत टाकणार नाही. जलद टपालाने शुक्रवारी दुपारपर्यंत ते तुझ्या हातात पडेल. परत आल्यावर आर्डिसची लापशी झाली की ती रोजच्यासारखं विचारेल, "आज काही?" तेव्हा मी तिला सांगेन की तिचं पत्र आज गेलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. शनिवारी आणि रविवारी फीनिक्सहून येणाऱ्या प्रत्येक विमानाला मी इथल्या विमानतळाच्या दाराशी उभा असेन. तू आलीस तर ट्रेलरची किल्ली तुझ्या हातात देईन, आणि म्हणालीस तर रोलंडकडे राहायला जाईन.

तुझं पत्र तीन महिने उशिरा पोचवणारा,
वेंडेल