आठाखालचं वाक्य

सिस्टर, मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही जाऊन कैक वर्षं झाली ही सबब मी ऐकून घेणार नाही. रसायनशास्त्राच्या वर्गात तुमचं इंग्रजी असं की शाईसुद्धा सरळ बसायची. पण तुम्ही मूळच्या वसईच्या, म्हणून दिल्लीच्या त्या कॉन्व्हेंटात रागवायला मात्र मराठी, आणि मराठी कळणारी मी एकटी. म्हणजे सगळ्या वर्गाचा राग माझ्या वाट्याला. म्हणून हे मराठीतच लिहिते आहे.

तुमची ती खोड आठवते? उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही वही परत ढकलायचात. "आकडा आला. म्हणजे काय?" आकड्याखाली साध्या भाषेत एक वाक्य लिहायचं, नाहीतर अर्धा मार्क गेला. पीएच तीन आला तर लिहा: हे द्रावण आम्ल आहे, चारवाल्यापेक्षा दहापट तीव्र. मी एकदा "दुप्पट असेल, काय फरक पडतो" म्हणाले, तर तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "तुझी जीभ एकवर आहे, डोकं मात्र सातवर बसलंय. ना आम्ल, ना अल्क, नुसतं पाणी!"

ह्या खोडीपायी माझी नोकरी जाणार होती, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. गाझियाबादला नव्या कॉलन्या उठत होत्या तेव्हाची गोष्ट. शाळेच्या वरच्या मजल्याला अजून बांबू लागलेले, फाटकावर मात्र 'इंटरनॅशनल'. मालक बिल्डर. मी शिकवायला नवी, अजून पक्की झालेली नव्हते. बारावीच्या पेपरात मी विचारलं, हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात इतकं पातळ केलं की लिटरमागे दहाचा उणे आठवा घात इतकेच मोल उरले, तर पीएच किती? साऱ्या वर्गाने सूत्र लावून लिहिलं, आठ. मी साऱ्या वर्गाला शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या खोलीत मी, वर्गात पहिली येणारी मुलगी आणि तिचे सफारीतले वडील. "मॅडम, पेरेंट्स नाराज़ हैं," मालक म्हणाला, "नंबर दे दीजिए, आपका क्या जाता है? वरना हमें दूसरी टीचर देखनी पड़ेगी."

"फॉर्म्युला लगाइए, आठ ही आता है," वडील म्हणाले. "कोचिंगवाले सर ने भी यही बताया."

"फॉर्म्युले से आता है, अक्ल से नहीं आता," मी म्हणाले. मालकाचा चेहरा पाहून कळलं, गेली नोकरी. मग, तुमचीच सवय, मी पेपर मुलीपुढे ढकलला. "बेटा, आठ के नीचे एक वाक्य लिखो. मतलब क्या हुआ?"

तिने लिहायला घेतलं आणि थांबली.

"लिखो ना!" वडील ओरडले.

"पापा, सात के ऊपर तो साबुन-सोडा होता है. इसका मतलब तेज़ाब डालने से पानी साबुन बन गया?"

मालकाला हसू आवरेना. "ऐसे थोड़ी होता है! सीमेंट में कितना भी पानी डालो, सीमेंट रेत बनेगा क्या?"

"हमारे फ्लैट में तो बना है, भाईसाहब," वडील म्हणाले. फ्लॅट ह्याच मालकाने बांधलेला होता.

पुढचा सगळा वेळ ते दोघं प्लास्टरवरून भांडले, आणि मी शेजारी बसून मुलीला सांगितलं की पाण्यात स्वतःचेही थोडे हायड्रोजन आयन असतात. आम्ल इतकं कमी असलं की त्यांनाही हिशेबात धरायचं, मग येतं सहा पूर्णांक अठ्ठ्याण्णव. सातच्या खालीच. कितीही पाणी ओता, आम्ल सात ओलांडून पलीकडे जात नाही. त्या भांडणात मला काढायचं राहूनच गेलं; मी तिथूनच रिटायर झाले.

तेव्हा सिस्टर, आभार मानणार नाही. नोकरी तुमच्यामुळेच धोक्यात आली होती. हे पत्र पाठवायचं झालं तर तुमच्या कबरीचा ठावठिकाणा विचारायला फादरकडे जावं लागेल, आणि ते मला मासला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, बसवून ठेवतील. राहू दे इथेच, उशीखाली.

आता सही करणार होते, तर वाटलं तुम्ही कागद परत ढकललात. म्हणजे काय? बरं, लिहिते: तुमच्यानंतर माझ्यावर मराठीतून रागवणारं कोणी राहिलं नाही, आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही.